पायाळूची कंबर

सकाळी अंथरुणातून उठणं आमच्या घरात बाकीच्यांना काम वाटत नाही. बायको उठते म्हणजे एकदम उभीच असते. आई ऐंशीच्या पुढची, तीही भिंतीला हात लावून उठते आणि चालायला लागते. मला मात्र ते काम म्हणूनच करावं लागतं. डोळे उघडले की आधी छताकडे बघत पडून राहायचं आणि कंबर जागी झालीय का याचा अंदाज घ्यायचा. ती नेहमी माझ्या आधी जागी झालेली असते. मग गुडघे वाकवायचे, सगळ्या अंगासकट कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपरावर जोर देऊन वर यायचं. झोपलेलं पोर मांडीवरून खाली ठेवतात ना, तसं, कमरेला कळू न देता. तरी तिला कळतंच. काठावर बसल्यावर मी थोडा वेळ विचारात पडल्यासारखा बसतो. लग्न नवं होतं तेव्हा बायकोला वाटायचं, नवरा विचारी आहे. आता वाटत नाही.

यातली गंमत अशी, की ज्या वर्षांत माझी ही कसरत चालू होती त्याच वर्षांत लोक आपली कंबर बरी करून घ्यायला आमच्या दारात यायचे. आणि ती बरी करायचो मी.

मी पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याकडून न येता पायांकडून आलो. आमच्या लोकांत असा समज आहे, आणि इथल्या, म्हैसूरच्या, कन्नड लोकांतही आहे, की पायाळू माणसाच्या पायाला गुण असतो. कुणाची कंबर धरली, वाकताना उसण भरली, की त्या जागी पायाळूचा पाय लावायचा. लाथ मारायची असं म्हणतात, पण खरी लाथ कुणी मारत नाही. नुसता तळवा टेकवायचा आणि खाली ओढायचा, उसण उतरते. आमच्या लष्कर मोहल्ल्यात हमाल, वेल्डर, हातगाडीवाले, दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेले शिंपी अशी माणसं भरलेली. तेव्हा माझ्या पायाला गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही.

घर लहान आहे, पण दारापुढे जगली आहे. जगली म्हणजे बाहेरचा ओटा. हा कन्नड शब्द आमच्या मराठीत इतका मुरलाय, की 'ओट्यावर बस' म्हटलं तर आई स्वयंपाकघरात जाईल. त्या जगलीवर एक लाकडी खांब आहे. पेशंटनं चटईवर पालथं पडायचं, मी खांब धरून उभं राहायचं आणि उजवा पाय त्याच्या कमरेवर ठेवून तीनदा खाली ओढायचा. पोट रिकामं हवं, त्याचंही आणि माझंही. आणि मुख्य नियम हा, की पाय लागल्यापासून मी घरात जाईपर्यंत दोघांपैकी कुणी एक अक्षर बोलायचं नाही. बोललं की उसण जागच्या जागी बसते. हे सगळे नियम आईचे. तिनं ते कुठून आणले हे मी कधी विचारलं नाही. लहानपणी भीतीनं विचारलं नाही, मोठेपणी कंटाळ्यानं.

कारण खरी वैद्य तीच होती, माझा फक्त पाय होता. सकाळी ती जगलीवर चटई टाकून बसायची आणि आलेल्या माणसाची चौकशी करायची. कुठल्या गल्लीतला, कधी धरली, काय उचलत होतास, डावीकडे की उजवीकडे, खोकताना दुखतं का. एवढं तर मला पुढे डॉक्टरांनीही विचारलं नाही. पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर गुण जातो, हाही तिचाच नियम. त्यामुळे लोक केळी आणायचे. मोहल्ल्यातली सगळी केळी फिरून फिरून आमच्याकडे येतात असं बायको म्हणायची. वडील गेल्यावर आईच्या आयुष्यात ही एक जागा उरली होती. जाता-येता लोक तिला 'अम्मा' म्हणून हात जोडायचे. केळीवाली, रिक्षावाला, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, सगळे.

शिवाय तिच्याकडे घराण्याची गोष्ट होती. आमचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले, म्हैसूरच्या घोडदळात राहिले आणि मरेपर्यंत खोगिरात ताठ बसले, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. "आमच्या घराण्यात कणा कधी वाकला नाही," हे तिचं शेवटचं वाक्य. ते ऐकताना मी पाठीमागे खांबाला टेकून उभा असायचो. ऐकणाऱ्याला वाटायचं, ऐटीत उभा आहे.

मी काम करायचो टायरच्या कारखान्यात. कारखाना हा शब्द मोठा झाला, पत्र्याची लांब शेड होती. लॉरीचे झिजलेले टायर यायचे, त्यांचा वरचा थर यंत्रावर खरवडून काढायचा, नवं रबर चढवायचं आणि लोखंडी साच्यात घालून भाजायचं. साच्यावर मी होतो. टायर जमिनीवर असेपर्यंत शहाणा असतो, गडगडत हवा तिकडे जातो. प्रश्न तो वर उचलायच्या क्षणाचा. मांडीवर घ्यायचा, पोटाशी धरायचा, एक झोका द्यायचा आणि साच्यात टाकायचा. भाजून झाला की गरम गरम बाहेर ओढायचा. तरुणपणी हा झोका मी असा द्यायचो, की बाकीचे बघायला थांबायचे. कंबर त्या सगळ्या झोक्यांचा हिशेब ठेवत होती हे मला माहीत नव्हतं.

सुरुवातीला संध्याकाळी दुखायची आणि सकाळी विसरायची. मग सकाळीही लक्षात ठेवायला लागली. मग ती कमरेतून मांडीत उतरली आणि मांडीतून पोटरीत. बायकोनं कंबरपट्टा आणून दिला, तो मी शर्टाच्या आत बांधायचो. दुपारच्या उकाड्यात शेडमध्ये सगळे बनियनवर यायचे, मी एकटा शर्टाची बटणं लावून. लोक म्हणायचे, मेस्त्री मोठा सभ्य माणूस. साच्यावरच्या जुन्या कामगाराला इकडे मेस्त्री म्हणतात.

शेवटी बायकोनं मला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी कमरेचे फोटो उजेडापुढे धरले आणि विचारलं, काय काम करता. मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मणक्यांमधली चकती सरकलीय," ते म्हणाले. "शीर दाबली जातेय. वजन उचलणं बंद करा."

"किती दिवस, सार?"

"मी दिवसांचं बोलत नाहीये."

मग त्यांनी माझा उजवा पाय हातात घेतला आणि अंगठ्याला टाचणी लावली. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते म्हणाले, लागली? मी म्हटलं, लावलीत का?

त्यांनी समजावून सांगितलं, रागावून नाही. आज अंगठा बधिर आहे. असंच उचलत राहिलात तर पाऊल जाईल, चालताना पाय घासत चालावं लागेल, आणि मग ऑपरेशन करूनही पाय परत येईल की नाही सांगता येणार नाही. त्यांनी उठायची रीत शिकवली, कमरेतून न वाकता गुडघ्यात बसायचं शिकवलं, गरम पाण्याची पिशवी सांगितली. बायको सगळं पाठ करत होती. मी माझ्या पायाकडे बघत होतो. अर्ध्या मोहल्ल्याची उसण या पायानं उतरवलेली, आणि आता त्याला टाचणीही कळेना.

तर मला साच्यावरून उतरायचं होतं, आणि उतरायला जागाही होती. शेडच्या दाराशी एक स्टूल होतं. त्यावर एक म्हातारे गृहस्थ बसायचे. आलेला टायर फाकवून, त्याच्या पोटात दिवा घालून, आतली चीर, खिळा, फुगवटा हातानं चाचपून बघायचे आणि खडूनं खूण करायचे. भाजण्यालायक कुठला, फेकण्यालायक कुठला, हे ते ठरवायचे. उचलायचं काही नाही, टायर माणसं आणून देत आणि घेऊन जात. त्यांच्या मुलाची कृष्णराजनगरला भातशेती होती. दसरा झाला की काम सोडून तिकडे जाणार असं त्यांनी सांगून टाकलं होतं. ते स्टूल मला हवं होतं. आयुष्यात मी कुठल्याही खुर्चीकडे असं बघितलेलं नाही.

मालकांना फक्त सांगायचं होतं. तेच जमत नव्हतं, कारण मालकही माझे पेशंट.

मालक कन्नड, माझ्याहून थोडे मोठे, अंगानं भरलेले. महिना-दोन महिन्यांतून त्यांची कंबर धरायची आणि ते आमच्या जगलीवर पालथे पडायचे. सगळ्या बाजारात सांगायचे, माझ्याकडे पायाळू मेस्त्री आहे, माझ्या शेडमध्ये कुणाची कंबर धरत नाही. एकदा चहाच्या वेळी मी धीर करून विषय काढला. म्हटलं, सार, ते स्टूल रिकामं होतंय.

"हो ना," ते म्हणाले. "बेळगोळकडे एक म्हातारा आहे, कारखान्यातून सुटलेला. त्याची कंबर गेलीय बिचाऱ्याची. त्याला बसवतो. तुमच्यासारख्याला स्टुलावर बसवलं तर देव मला विचारेल, स्वामी. तुमच्या कमरेला काय धाड भरणार आहे?"

मी चहा संपवला आणि साच्याकडे गेलो.

घरी बायको रोज विचारायची.

"बोललात?"

"आज ते घाईत होते."

"आणि काल?"

"काल मी घाईत होतो."

"मग मी जाऊन बोलते."

"नको."

"निदान आईंना सांगा. त्या सांगतील त्यांना. त्यांचं ऐकतात ते."

"तेवढं अजिबात नको."

चिडली की ती कन्नडमध्ये जाते. "सरी बिडी," म्हणाली, म्हणजे राहू द्या मग. आणि पोळपाटावर लाटणं आपटलं. लग्न झालेल्या माणसाला हे कुठल्याही भाषेत कळतं.

आईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझ्या पायाळूला कंबर राहिलेली नाही? मालकांच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात जाणार. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ती जगलीवर चटई टाकून बसणार आणि कुणी येणार नाही. लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, फक्त पलीकडच्या बाजूनं चालत जातील. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे इतकं स्पष्ट होतं, की त्यापुढे मला माझा अंगठा लहान वाटायचा. आणि खरंच तो मला जाणवतही नव्हता, त्यामुळे विसरायला सोपा होता.

दसऱ्याआधी लॉरीवाल्यांची गर्दी असते. आयुधपूजेला गाडी धुऊन, हार घालून, लिंबू चिरडायचं, तर टायरही नवे दिसायला हवेत. शेडमध्ये टायरांच्या थप्प्या लागल्या होत्या. मी दिवसभर उचलत होतो आणि संध्याकाळी घरी येताना पाय कुठे पडतोय ते बघून टाकत होतो. एकदा चप्पल पायातून निघून गेली आणि मला कळलं नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं हाक मारून सांगितलं, मेस्त्री, एकच चप्पल घालून कुठे निघालात? मी म्हटलं, नवस आहे.

त्याच दिवसांत एका सकाळी मालक आले. रिक्षातून उतरले ते कमरेत अर्धे दुमडलेले, एक हात मांडीवर, दुसरा रिक्षावाल्याच्या खांद्यावर. आई जगलीवर होतीच. तिचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या दुखण्यानं माणूस इतका खुलतो हे तिच्याकडे बघून कळायचं.

"या, या. कुठं धरली?"

"सोंट, अम्मा." सोंट म्हणजे कंबर. "काल पूजेच्या भांड्यांची पेटी ओढली जरा, आणि आय्तु, झालं काम."

"ओढली की उचलली?"

"उचलायला गेलो होतो."

"मग तसं सांगा," आई म्हणाली. "काही खाल्लं नाहीत ना?"

ते चटईवर पालथे पडले. रिक्षावाला बघायला थांबला. समोरच्या घरातली एक बाई झाडू हातात धरून थांबली. आईनं हाक मारली आणि मी बाहेर आलो. शर्टाच्या आत पट्टा आवळलेला होता. आदल्या संध्याकाळचे टायर अजून अंगात होते. मी डाव्या हातानं खांब धरला आणि उजवा पाय उचलून मालकांच्या कमरेवर ठेवला.

पहिल्यांदा खाली ओढला. दुसऱ्यांदा ओढून वर घेतला आणि पुन्हा टेकवला, तेव्हा माझ्या कमरेत काहीतरी सरकलं. आवाज झाला नाही. जुन्या कपाटाचं दार अडकतं ना, तसं झालं. पाय मालकांच्या पाठीवर आणि तो उचलता येईना. खाली ओढावा तर ओढता येईना. डावा पाय थरथरायला लागला. मी दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली आणि तसाच उभा राहिलो.

बोलायचं नाही, हा नियम. त्यामुळे मालक काही बोलले नाहीत. ते पायाखाली निमूट पडून होते. त्यांना वाटलं असावं, आज काही खास आहे. आईही बोलली नाही. रिक्षावाला बोलला नाही. मला घाम फुटला होता, आणि तो हनुवटीवरून मालकांच्या शर्टावर पडत होता. तेही त्यांनी प्रसादासारखं सोसलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. समोरची बाई एकदा आत जाऊन दुधाचं पातेलं उतरवून परत आली, एवढं मला आठवतं.

शेवटी बायको दारात आली. तिनं माझा चेहरा बघितला आणि नियम मोडला.

"अहो आई, अडकलेत ते."

तिनं मागून माझ्या काखेत हात घातले, रिक्षावाल्यानं पाय धरला, आणि दोघांनी मिळून मला टायरासारखं आडवं करून जगलीवर ठेवलं. मी कुशीवर पडलो, गुडघे पोटाशी. खाली आल्यावर कळलं की मी ओरडलो नव्हतो. दम नव्हता म्हणून, धीर होता म्हणून नव्हे.

इकडे मालक उठून बसले. मग उभे राहिले. कमरेवर हात ठेवून डावीकडे वळले, उजवीकडे वळले.

"उतरली," ते म्हणाले. "अम्मा, पूर्ण उतरली. आज पायाला वजन होतं."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद ओसरला. "यांना काय झालं?"

आई क्षणभरही थांबली नाही. "तुमचं दुखणं त्यानं ओढून घेतलं," ती म्हणाली. "कधी कधी असं होतं. जड उसण असली की पायाळूच्या अंगात उतरते. आता त्याच्यानं काही उचलवणार नाही. तुम्ही बघा काय ते."

मालकांनी हात जोडले. "माझ्यामुळे झालं," म्हणाले. "मेस्त्री, तुम्ही काळजी करू नका, मी..."

आणि तेव्हा मी बोललो. का बोललो ते आजही नीट सांगता येत नाही. आडवं पडल्यावर माणसाला खोटं धरून ठेवायला आधार नसतो, तसं काही असेल. किंवा नुसता थकलो होतो.

"तुमच्यामुळे नाही, सार," मी म्हटलं. "जुनं आहे. बरीच वर्षं आहे."

शर्ट वर सरकला होता आणि पट्टा सगळ्यांना दिसत होता. त्याच्या कडा मळून काळ्या झाल्या होत्या. कालचा पट्टा असा दिसत नाही. मालकांनी पट्टा बघितला, माझ्याकडे बघितलं, मग स्वतःची कंबर चाचपली. मग ते जाऊन रिक्षात बसले. समोरची बाई झाडायला लागली.

पुढचे दिवस मी जमिनीवरच्या पातळ गादीवर आडवा होतो. आयुधपूजाही तशीच गेली. बाहेर गाड्यांना हार चढत होते, कोहळे फुटत होते, ते मी आवाजावरून ओळखत होतो. घरात आमची पूर्वजांची एक तलवार आहे. म्यान नाही, मूठ सैल. दरवर्षी घरातल्या मोठ्या पुरुषानं ती पुसून पुजायची. त्या वर्षी बायकोनं पुसली आणि माझ्या उशाशी आणून ठेवली, मी आडवाच हळदीकुंकू लावलं. आई माझ्याशी बोलत नव्हती. डाळभाताचं ताट ठेवायची आणि जायची. जगलीवरची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली होती. ती मला पडल्या जागेवरून दिसायची.

तिच्याशी बोलायचा धीर मला एका दुपारी आला. ती माझ्याजवळ बसून शेंगा सोलत होती.

"आई, लोकांपुढे तुझी शोभा केली मी."

"शोभा माझी कसली?" ती शेंगेकडे बघत म्हणाली. "मी काय लोकांसाठी बोलले होते? तुला ते स्टूल मिळावं म्हणून बोलले. मालक कबूल होत होता, हातात आलेलं होतं. आणि तुला नेमकं तेव्हा खरं बोलायचं सुचलं. एवढी वर्षं नाही सुचलं ते."

"स्टुलाचं तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोनं. आणि तिनं सांगायच्या आधीपासून सगळं माहीत आहे मला. भिंतीला भिंत आहे आपली. तू सकाळी उठतोस ते मी रोज ऐकते." तिनं मूठभर दाणे सुपात टाकले. "आधी पलंग वाजतो, मग तुझा श्वास वाजतो, मग बराच वेळ काहीच वाजत नाही. ते काहीच न वाजणं फार वाईट रे."

"मग मला कधी म्हणाली नाहीस."

"तू लपवत होतास. मला वाटलं, तुला त्यात बरं वाटतंय."

म्हणजे मी तिच्यासाठी लपवत होतो आणि ती माझ्यासाठी. मधल्या मध्ये माझा अंगठा गेला. हे मनात आलं आणि मला हसू आलं, पण हसताना कमरेत कळ आली, त्यामुळे ते लगेच आवरलं.

"आई, मी खरंच पायाळू आहे का गं?"

"मला काय ठाऊक? मी शुद्धीवर कुठं होते? सुईण म्हणाली, पाय आधी दिसले. तुझ्या वडिलांना ते फार आवडलं, सगळीकडे सांगत सुटले. मग मी काय मोडता घालायचा?" एक शेंग फोडून म्हणाली, "असशील. दुसऱ्या कुठल्या गोष्टीत तू सरळ आलेला नाहीस."

पूजेनंतर ते स्टुलावरचे म्हातारे मला बघायला आले. कृष्णराजनगरला निघाले होते, पिशवी हातातच होती. मालकांचा निरोप त्यांनी उभ्या उभ्या दिला. चालता आलं की या आणि स्टुलावर बसा.

"रागावलेत का?" मी विचारलं.

"रागावले होते. शेडमध्ये सगळ्यांपुढे म्हणाले, या माणसानं मला इतकी वर्षं फसवलं. मग दुसऱ्या दिवशी मलाच म्हणाले, जो एवढी वर्षं आपल्या आतली चीर बाहेर दिसू देत नाही, त्याला टायरातली लपलेली चीर ओळखता येईल. त्यालाच बसवा." म्हाताऱ्यांनी पिशवी खांद्याला लावली. "कंबर अजून ठीक आहे म्हणाले त्यांची. हेही सांग म्हणाले."

बेळगोळच्या म्हाताऱ्याचं काय झालं हे मी त्यांना विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही. त्याचीही कंबर गेलेली होती, हे मात्र स्टुलावर बसताना मला अजून आठवतं.

आता मी स्टुलावर आहे. स्टुलाबद्दल मला जे वाटत होतं त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. डॉक्टरांना मोठ्या उत्साहानं सांगितलं, आता दिवसभर बसून काम. ते म्हणाले, बसल्यावर मणक्यावर जास्त दाब येतो, सारखं उठत जा. म्हणून मी जास्त वेळ स्टुलाशेजारी उभा असतो आणि स्टुलावर माझा डबा असतो. टायराच्या पोटात दिवा घालतो, बोटानं चाचपतो, खडूनं खूण करतो. साच्यावर आता दोन नवी माणसं आहेत. त्यांचा झोका मी बघत नाही. अंगठा अजून बधिर आहे, पण पुढे सरकलेला नाही. कंबर दुखते. कमी दुखते की मला सवय झालीय, हे मला सांगता येत नाही आणि आता कुणी विचारतही नाही.

जगलीवरची चटई काही दिवस कोपऱ्यातच होती. मला भीती होती तसंच झालं, लोक येईनासे झाले. मग एका सकाळी कोपऱ्यावरचा पंक्चरवाला वाकडा होत आला. आईनं चटई पसरली. मी आतल्या खोलीत अजून आडवाच होतो.

"पाय नको, अम्मा," तो म्हणाला. "मेस्त्रींना त्रास नको. सुम्ने आलो." म्हणजे असाच आलो.

"बस. काय उचललंस?"

त्यानं सांगितलं. तिनं डावीकडे की उजवीकडे विचारलं, खोकताना दुखतं का विचारलं. मग म्हणाली, "आडवा हो. आता मी सांगते तसं उठायचं. आधी गुडघे वाकव. आता सगळा एकदम कुशीवर. अरे, कंबर एकटी वळवू नकोस, तिला कळू द्यायचं नाही. आता पाय खाली सोड. कोपरावर जोर दे."

मी गादीवर पडून ऐकत होतो. भिंतीपलीकडून तिनं रोज सकाळी जे ऐकलं होतं, त्यातला एकही टप्पा ती चुकली नाही. डॉक्टरांचं नाव तिनं घेतलं नाही. आमच्या घोडदळातली रीत आहे असं मात्र सांगितलं.

"आता काठावर जरा बस," ती म्हणाली. "घाई नको. काहीतरी विचार करत असल्यासारखा बस."

हल्ली सकाळी पुन्हा एक-दोन माणसं असतात. केळीही परत यायला लागलीत. बायको ती मोजत बसत नाही, शिकरण करते. मी डोळे उघडतो आणि छताकडे बघत पडून राहतो, आणि बाहेर आई कुणाला तरी सांगत असते, गुडघे वाकव, कुशीवर हो. तिचं सांगणं आणि माझं उठणं बहुतेक एकाच वेळी चालतं. कधी कधी बाहेरचा माणूस माझ्या आधी उठून बसतो. मी आतच असतो, पाय सोडून, पलंगाच्या काठावर.

"झालं का रे तुझं?" आई भिंतीवर थाप मारून विचारते.

"होतंय," मी म्हणतो.